सहा सेकंदांचा हिशेब आणि वडिलांचं आयुष्य

तुमचे प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते. वडील नागपूरच्या इतवारीतल्या एका कापडाच्या दुकानात आयुष्यभर हिशेब लिहीत होते. ते गेले. अस्थी तुम्ही रामटेकला अंबाळा तलावात सोडल्या, तेरावं केलं, पण गुरुजींच्या मागे मंत्र म्हणताना मनात काहीच उमटलं नाही आणि आपण ढोंग केलं ही टोचणी लागून राहिली. पुढे कुठेतरी वाचलंत की पृथ्वीचं वय एक दिवस धरलं तर माणूस शेवटच्या सहा सेकंदांत येतो. मग बाबांनी एवढी वर्षं मान मोडून केलेल्या कामाला अर्थ काय? ते विधी खोटे होते का? आणि येणारं वर्षश्राद्ध करावं की नाही? हे मला विचारलंत, कारण विदर्भातल्या खडकांचे नकाशे काढण्यात आणि कोळशाच्या बोअरमधून निघालेले कोअर, म्हणजे खडकांच्या लांब गोल कांड्या, वाचण्यात माझी नोकरी गेली. कोट्यवधी वर्षांच्या नजरेने बघणाऱ्या बाईला माणसाचं आयुष्य कसं दिसतं, असं तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

सहा सेकंदांचं गणित बरोबर आहे. ४५४ कोटी वर्षांचा एक दिवस केला तर आपल्या मानवजातीची साधारण तीन लाख वर्षं पावणेसहा सेकंदांत बसतात, आणि पंच्याहत्तर वर्षांचं आयुष्य सेकंदाच्या हजाराव्या भागाहून जरासं मोठं ठरतं. पण त्यातून फक्त लांबी मोजली जाते. लांबीवरून मोल ठरवायचं तर सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड तुमच्या वडिलांहून थोर म्हणावा लागेल. तो तिथे साडेसहा कोटी वर्षं पडून आहे आणि त्यातल्या एका दुपारचीही त्याला खबर नाही. भूशास्त्र मला काळ मोजायला शिकवतं. एखाद्याचं आयुष्य सार्थकी लागलं की नाही हे मोजायचं त्यात काही साधनच नाही, आणि तशी साधनं आहेत असं जो सांगेल तो त्या शास्त्राच्या नावावर आपलं मत खपवतो आहे.

४५४ कोटी हा आकडा कुठून आला ते मात्र तुम्हाला ठाऊक असायला हवं, कारण तुमच्या प्रश्नाचा निम्मा भाग त्यातच सुटतो. क्लेअर पॅटरसन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने उल्कापाषाणांतलं शिसं मोजून १९५६ साली पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असल्याचं मांडलं. आजचा आकडा त्याच्याच आसपास आहे. युरेनियमचं ठरलेल्या वेगाने शिसं होत जातं, त्यामुळे कोणत्या प्रकारचं शिसं किती साचलं हे कळलं की काळ काढता येतो. या मोजणीत त्यांना एकच गोष्ट छळत होती. प्रयोगशाळेत जिकडेतिकडे शिसं सापडायचं: हवेत, धुळीत, भांड्यांवर, काम करणाऱ्यांच्या कपड्यांवर. दगडातलं शिसं शुद्ध मोजायचं तर बाहेरचं शिसं आधी हटवायला हवं होतं. ते येतं कुठून याचा माग काढता काढता त्यांना दिसलं की फार मोठा वाटा पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या शिशाचा आहे आणि ते माणसांच्या रक्तात उतरतं आहे. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला ते सर्वांत घातक. पुढची कित्येक वर्षं पॅटरसन उद्योगांचा विरोध सोसत या विषयाच्या मागे लागले. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी असलं पेट्रोल १९९६ पासून पूर्ण बंद झालं, आपल्याकडे २००० साली.

पृथ्वीचं वय ज्या माणसाने नक्की केलं, त्याला रस्त्याकडेला खेळणारी पोरं क्षुल्लक वाटली नाहीत. ४५५ कोटी वर्षं डोळ्यांसमोर असताना त्याने उरलेलं आयुष्य त्या पोरांच्या रक्तातल्या शिशासाठी खर्च केलं. लांबून बघणाऱ्याला माणूस कमी दिसतो हे गृहीतच मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे मला पॅटरसनच्या आयुष्यातून सर्वांत स्पष्ट सांगता येतं.

आता आपल्या नागपूरच्या दगडांकडे येऊ. भूशास्त्राच्या दृष्टीने हे शहर अनेक काळांच्या सीमेवर वसलंय. पश्चिमेला ज्वालामुखीचा काळा बेसाल्ट, पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने नाईस नावाचे पट्टेदार खडक, कामठी-सिलेवाड्याकडे गोंडवन काळातले, म्हणजे भारत आणि अंटार्क्टिका एकाच भूखंडात होते तेव्हाचे, वाळूचे खडक, उमरेडला कोळसा. तुम्ही अस्थी सोडल्या त्या रामटेकच्या डोंगराचे खडक निदान नव्वद-शंभर कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली दाबले, भाजले गेले आणि त्यांचं रूप पालटलं. मी माझ्या आईच्या अस्थीही अंबाळ्यातच सोडल्या. त्या वेळी डोंगराचं वय मला पाठ होतं, पण त्याने आई गेल्याचं दुःख तसूभर हललं नाही. हलायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही.

या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो टाकळीचा थर. सेमिनरी हिल्सच्या बाजूला, आता बराचसा वस्तीखाली गेलेला. दख्खनच्या ज्वालामुखीचा लाव्हा एकदाच येऊन थांबला नाही. लोटावर लोट आले, आणि दोन लोटांच्या मध्ये कधी कधी हजारो वर्षांची उसंत मिळाली. त्या उसंतीत थिजलेल्या काळ्या दगडावर पाणी साचलं, तळी झाली, तळ्यांत गोगलगायी आल्या, काठाने झाडं उगवली, त्यांना फळं धरली. मग पुढचा लोट आला आणि सगळं झाकून गेला. त्या तळ्यांचा गाळ दोन काळ्या थरांच्या मधोमध फिकट पट्टीसारखा दिसतो, आम्ही त्याला इंटरट्रॅप म्हणतो. भिंग लावलं की गोड्या पाण्यातल्या शंखाचा एक एक वेटोळा स्पष्ट मोजता येतो.

नवे विद्यार्थी हा थर पहिल्यांदा बघतात तेव्हा बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असतं: एवढं सगळं होऊन शेवटी लाव्हाच आला. मला यात अर्धवट वाचन दिसतं. वरचा लोट जितका खरा, तितकंच मधलं तळंही खरं. गोगलगायी हजारो पिढ्या तिथे जगल्या, चरल्या, अंडी घातली. नंतर काय झालं यावरून आधी झालेलं रद्द होत नाही. तुमच्या वडिलांनी ज्या दिवशी हिशेबातली चूक शोधून एखाद्या नोकराच्या डोक्यावरचा आळ उतरवला असेल, तो दिवस घडून गेला. आता तो न घडलेला करण्याची ताकद मृत्यूत नाही आणि ४५४ कोटी वर्षांतही नाही. मला दूरच्या नजरेतून हातात काही पक्कं लागलं असेल तर ते एवढंच आहे.

उमरेडच्या कोळशाबद्दल लोक एक सोपं समाधान सांगतात. पंचवीस कोटी वर्षांहून जुनी जंगलं गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला, आज त्यावर घरं उजळतात, म्हणून कुणाचंही मरण वाया जात नाही. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. ती झाडं आपल्यासाठी मेली नाहीत. जीवसृष्टीच्या इतिहासात होऊन गेलेल्या जातींपैकी नव्याण्णव टक्क्यांहून अधिक नामशेष झाल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा कुणाला काही उपयोग झालेला नाही. मरणाला उपयोगाचं लेबल लावून ते गोड करायला गेलं की ज्याच्या मरणातून काहीच निघालं नाही त्याच्या घरच्यांना आपण दुप्पट दुखावतो.

पण त्याच कामठीच्या खडकांत एक पान सापडतं, त्याची गोष्ट वेगळी आहे. ग्लॉसोप्टेरिस. जिभेच्या आकाराचं, मधोमध ठळक शीर असलेलं. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली ब्रिटिश शोधप्रवासी स्कॉट आणि त्याचे सोबती बर्फात मेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला त्यांचा तंबू सापडला, तेव्हा त्यांच्या घसरगाडीसोबत सुमारे सोळा किलो दगड होते. अन्न संपत होतं, पाय काळे पडले होते, ओझं टाकलं असतं तर निदान ओढायचे कष्ट वाचले असते; तरी त्यांनी ते दगड टाकले नाहीत. त्यांत ग्लॉसोप्टेरिसची पानं निघाली. अंटार्क्टिका आणि आपला हा भाग कधीकाळी एकाच भूखंडाचे तुकडे होते या समजुतीला त्या पानांनी मोठा आधार दिला. ते दगड गोळा करण्यात पुढाकार असलेला एडवर्ड विल्सन श्रद्धाळू ख्रिस्ती होता. आपण वाचणार नाही हे कळल्यावरही कुणीतरी, कधीतरी, हे बघेल म्हणून त्यांनी ओझं ओढलं. देवावरच्या विश्वासाने ओढलं की ज्ञानावरच्या, हे वेगळं काढता येणार नाही आणि काढायची मला गरजही वाटत नाही.

दूरच्या नजरेचा एक धोका सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. फार उंचावरून सगळी माणसं सारखीच लहान दिसतात. मग विहीर खणणारा आणि विहिरीवर दुसऱ्याला पाणी नाकारणारा यांत फरक दिसेनासा होतो. "काळाच्या ओघात हेही जाईल" असं म्हणत अन्याय बघत राहणं सोपं होतं, आणि असं म्हणणारा माणूस बहुधा ज्याच्यावर अन्याय होत नाही तोच असतो. ही बधिरता मला शास्त्रातल्या हुशार माणसांत दिसली आहे, अध्यात्मातल्या माणसांतही. दोन्हीकडे ती शहाणपण म्हणून मिरवते.

पृथ्वीचं वय मांडलं गेलं त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात, आज जिथे दीक्षाभूमी आहे तिथे, लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांची प्रकृती पार ढासळलेली होती. दोन महिनेही झाले नाहीत, ६ डिसेंबरला ते गेले. आयुष्याच्या त्या टोकाला माणसं सहसा स्वतःच्या पुढच्या प्रवासाची सोय बघतात. बाबासाहेबांनी जो धम्म घेतला त्यात अमर आत्म्याला जागाच नाही. त्यात प्रश्न विचारला आहे तो या जगातल्या दुःखाचा आणि माणसाने माणसाशी कसं वागावं याचा. स्वतःकडे थोडे दिवस उरलेले असताना त्यांनी इतरांच्या पुढच्या पिढ्यांचा विचार केला. आयुष्याला हेतू कुठून येतो असं विचारणाऱ्याला मी विजयादशमीच्या सुमारास दीक्षाभूमीला जाऊन यायला सांगते. खेड्यापाड्यांतून रात्रभर प्रवास करून आलेली, हातात लहान लेकरू धरलेली माणसं बघायला सांगते.

तुमच्या श्राद्धाच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. त्या दिवशी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही अशीही एक प्रतिज्ञा आहे. याच शहरातली हजारो घरं तेव्हापासून पिंड न देता आपल्या माणसांना निरोप देतात, पुण्यानुमोदनाला एकत्र बसतात, गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. त्यांच्या आठवणीत काही उणं राहिलेलं मी पाहिलं नाही. पिंडाला कावळा शिवेपर्यंत घशाखाली घास न उतरणारी माणसंही मी जवळून पाहिली आहेत आणि त्यांचं ते ताटकळणं अगदी खरं होतं.

विधी खोटे होते का, याचं उत्तर देताना मला जुनापाणी आठवतं. नागपुरातून काटोल रोडने गेलं की शहराच्या वायव्येला, फार लांब नाही, माळावर दगडांची वर्तुळं आहेत. शेकडो. लोहयुगातल्या लोकांनी आपल्या मृतांसाठी रचलेली, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. बाजूच्या माहुरझरीलाही तशीच आहेत. उत्खननात लोखंडाची अवजारं, तांब्याचे दागिने, मणी, घोड्यांचे अवशेष मिळाले. हे लोक कोणती भाषा बोलत, देवाला काय म्हणत, मेल्यावर माणूस कुठे जातो असं मानत, यातलं काहीही उरलेलं नाही. त्यांचा विश्वास पुरता पुसला गेला. उरलं ते एवढं: चार-सहा जणांना मिळून ढकलावा लागेल असा एक एक दगड त्यांनी आणून गोल मांडला, आणि कामाच्या, किमतीच्या वस्तू गेलेल्या माणसाजवळ ठेवून दिल्या.

त्या गर्दीतल्या प्रत्येकाच्या मनात तेव्हा श्रद्धा दाटून आली असेल का? मला नाही वाटत. कुणी थकलेला असेल, कुणाच्या मनात शेतीची घाई असेल, एखाद्या पोराला आपले वडील गेले हे अजून उमगलंच नसेल. तरी त्यानेही दगडाला हात लावला. तुम्ही अंबाळ्याच्या पायऱ्यांवर केलंत ते यापेक्षा वेगळं नव्हतं. दुःखाच्या पहिल्या दिवसांत मन बधिर असतं, शब्द आपले नसतात, म्हणूनच दुसऱ्याने घालून दिलेल्या कृती हाताशी असणं बरं पडतं. मनात काही उमटलं नाही म्हणून ते ढोंग ठरत नाही. न वाटणारं दुःख वाटतंय असं तुम्ही कुणाला दाखवलं असतंत तर ते ढोंग झालं असतं.

टाकळघाटलाही अशी वर्तुळं आहेत, आणि त्यांच्याशी आमच्या क्षेत्रातल्या एका माणसाचं मरण जोडलेलं आहे. स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडहून आलेला मिशनरी, धर्म सांगायला नागपुरात आला आणि सोबत हातोडा घेऊन फिरला. टाकळीच्या थरातले जीवाश्म, सिलेवाड्याची पानं यांची सुरुवातीची ओळख जगाला त्याच्यामुळे झाली. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची वर्तुळं पाहून परत येताना तो वाटेतली एक शाळा तपासायला मागे थांबला, रात्री एकटाच घोड्यावर निघाला आणि पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेला. पन्नाशीही गाठली नव्हती. बायबलावर नितांत श्रद्धा असलेल्या या माणसाला खडकांतला प्रचंड काळ दिसत होता आणि त्यात कधीच न भेटलेल्या लोकांच्या थडग्यांबद्दलही कुतूहल होतं. श्रद्धा आणि दगड यांत आधी निवड करा असा आग्रह त्याने स्वतःकडे धरलेला दिसत नाही. तुम्हीही आत्ता, वडिलांना जाऊन वर्षही झालं नसताना, तो निकाल लावायची घाई करू नका.

माझा स्वतःचा विश्वास विचारलात म्हणून सांगते. मेल्यानंतर मी कुठे जाईन असं मला वाटत नाही. आई मला कुठून तरी बघते आहे असंही वाटत नाही, आणि कधी कधी तसं वाटलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्याला ते वाटत असेल तर त्याच्याशी वाद घालायला माझ्याजवळ कोणताही दगड पुरावा म्हणून नाही. माझा विश्वास आहे तो माणसांनी एकमेकांच्या स्वाधीन केलेल्या गोष्टींवर. मला कोअर वाचायला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने शिकवलं, त्याला त्याच्या वरिष्ठाने. खडकाच्या तुकड्यावरचा बारीक फरक कसा ओळखायचा हे पुस्तकात येत नाही, बोट ठेवून दाखवावं लागतं. ते बोट माझ्यापर्यंत पोचलं आणि मी पुढे काही मुलामुलींपर्यंत पोचवलं. ही साखळी कोट्यवधी वर्षं टिकणार नाही हे मला माहीत आहे. ती टिकणार नाही म्हणून सकाळी उठून शिकवायला जाण्यात मला कधी अडचण आली नाही.

आता वर्षश्राद्ध. हा निर्णय एकट्याने घेऊ नका, आईला विचारा. तिला करायचं असेल तर करा, आणि गुरुजींना आधीच सांगून ठेवा की कोणत्या मंत्रात काय म्हटलं आहे ते मराठीत समजावत जा. चांगले गुरुजी आनंदाने सांगतात. तर्पणात वडिलांसोबत आजोबा आणि पणजोबांचंही नाव घेतात, तेव्हा ती नावं आणि ती माणसं काय करत होती हे आईला किंवा काकांना विचारून जा. आईला नको असेल तर त्या दिवशी घरी जेवायला वडिलांच्या ओळखीची माणसं बोलवा. दोन्ही प्रकारांत एक काम मात्र त्याआधीच करा. इतवारीत जाऊन वडिलांसोबत काम केलेल्यांना भेटा. कुणाला त्यांनी खतावणी लिहायला शिकवलं, कुणाची उधारी कशी सांभाळून घेतली, कशावरून भांडले, हे विचारा आणि वहीत लिहून घ्या, नावांसकट. वर्षश्राद्धाची तारीख यायची वाट बघू नका. त्यांच्या बरोबरीची माणसंही आता सत्तरीच्या पुढे असतील.